डायना एडल्जी: मधली सात वर्षं आणि ६३ बळी

मैदानकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या भारतीय महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला आणि मग तो मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हातात दिला. तेव्हापासून जुन्या खेळाडूंची नावं जिकडेतिकडे निघताहेत. मितालीवर इथे धागे आहेत, झुलनवरही आहेत. डायना एडल्जीवर शोधून एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

ज्यांना नाव ऐकूनच माहीत आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जन्म २६ जानेवारी १९५६, मुंबई. रेल्वे कॉलनीत टेनिस बॉलवर क्रिकेट सुरू. आधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस ज्युनिअर राष्ट्रीय पातळीपर्यंत खेळली, मग क्रिकेटकडे वळली. लाला अमरनाथ यांच्या शिबिरात घडली. डावखुरी मंदगती फिरकी. २० कसोटी, ६३ बळी, सर्वोत्तम ६४ धावांत ६. एकदिवसीय ३४, बळी ४६, सरासरी १६.८४. १९७८ आणि १९९३ अशा दोन विश्वचषकांत कर्णधार. १९८३ ला अर्जुन, २००२ ला पद्मश्री. २०२३ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये सेहवाग आणि अरविंद डिसिल्व्हासोबत समावेश, आणि तिथे पोचलेली ती पहिली भारतीय महिला.

हे सगळं कुठेही मिळतं. मला बोलायचंय ते या आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेबद्दल.

पहिली कसोटी ऑक्टोबर १९७६ च्या शेवटच्या दिवशी बंगळूरला सुरू झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. भारतीय महिलांचीच ती पहिली अधिकृत कसोटी, कर्णधार शांता रंगास्वामी. त्या मालिकेत तब्बल सहा कसोट्या झाल्या आणि पाटण्याची आपण जिंकली. जानेवारी १९७७ मध्ये न्यूझीलंडला ड्युनेडिनला एक, ऑस्ट्रेलियात पर्थला एक. तीन महिन्यांत आठ कसोट्या! डायना तेव्हा नुकती एकविशीत.

पुढची कसोटी कधी? जानेवारी १९८४. म्हणजे एकविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तिला एकही कसोटी मिळाली नाही. फिरकी गोलंदाजाला जेव्हा आपला चेंडू खऱ्या अर्थाने कळायला लागतो, नेमकी ती वर्षं. या काळात १९७८ चा विश्वचषक आणि १९८२ चा विश्वचषक, बाकी आंतरराष्ट्रीय क्रिकेट शून्य.

पुरुषांच्या बाजूला बघा. दिलीप दोशी, तोही डावखुरा फिरकीवाला, बेदीमुळे खूप उशिरा संधी मिळालेला. त्याचं पदार्पण सप्टेंबर १९७९ चं, शेवटची कसोटी सप्टेंबर १९८३ ची. ३३ कसोट्या, ११४ बळी. दोशीची अख्खी कसोटी कारकीर्द डायनाच्या त्या रिकाम्या सात वर्षांत मावते आणि वर अडीच-तीन वर्षं शिल्लक राहतात. दोशीवर अन्याय झाला असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे. मग हिच्याबद्दल काय म्हणायचं?

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर पुन्हा तेच. १९८८ च्या विश्वचषकाला भारताचा संघ गेलाच नाही. पुढची कसोटी थेट १९९१ मध्ये, ऑस्ट्रेलियात. फेब्रुवारी १९९१ ची मेलबर्न कसोटी ही डायनाची शेवटची. १९७७ ते १९९१ या चौदा वर्षांत भारतीय महिला फक्त चार मालिका कसोटी खेळल्या.

तरीही महिला कसोटीत सर्वाधिक बळींच्या यादीत ती आजही तिसरी आहे. वर फक्त इंग्लंडची मेरी डगन (७७) आणि ऑस्ट्रेलियाची बेटी विल्सन (६८). ६३ हा आकडा वाचताना ही मधली वर्षं डोळ्यांसमोर ठेवूनच वाचला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कुणी तिला खेळताना पाहिलं असेल तर जरूर लिहा.

---

आकडेमोड

उत्तम धागा. एक भर घालतो. कसोटीत तिने पाच हजारांवर चेंडू टाकलेत, महिला क्रिकेटमध्ये सर्वाधिक. आणि दिलेल्या धावा? षटकामागे दोनपेक्षाही कमी. बळींपेक्षा मला हे मोठं वाटतं. त्या काळी महिलांची कसोटी बरेचदा तीन दिवसांची असायची, सामने अनिर्णित सुटायचे. १९८४ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या चारही कसोट्या अनिर्णित, १९८६ च्या इंग्लंडमधल्या तिन्ही अनिर्णित. अशा सामन्यांत एका टोकाकडून दिवसभर गोलंदाजी करणाऱ्या बाईला बळी मिळणार ते समोरची फलंदाज कंटाळून चुकली तरच. ती कंटाळेपर्यंत टाकत राहायची ताकद हिच्यात होती.

---

पेठकरीण

मी पाहिलंय. पुण्यात. सामना कुठला हे आता खात्रीने सांगता येणार नाही म्हणून सांगत नाही, पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी विद्यापीठाकडून थोडंफार खेळायचे, त्यामुळे मोठ्या मुलींचे सामने बघायला सायकलवरून जायचो आम्ही.

तिची धाव अगदी थोडी. चार-पाच पावलं, खांद्याला कुठे झटका नाही, चेंडू हातातून सुटला की डोक्याच्या वरून यायचा आणि फलंदाज पुढे निघाली की तिच्या अपेक्षेच्या जरा अलीकडेच पडायचा. मॅटिंगची विकेट असली तर विचारूच नका. काथ्याच्या मॅटिंगवर चेंडू पकडतो आणि उसळतो, ऑफस्टंपवर पडलेला पार पहिल्या स्लिपकडे निघतो. आमच्यातल्या एका मुलीला तिने नेटमध्ये दोन चेंडू असे बाहेर काढले आणि तिसरा सरळ ठेवला. पॅडवर आदळला. ती मुलगी जागेवरच उभी राहिली होती, बॅट अजून ऑफसाइडला.

पॅडवरून आठवलं. आमचे पॅड पुरुषांचे. मांडीवर वरपर्यंत यायचे, धावताना एकमेकांवर आपटायचे. एका किटबॅगेत अख्ख्या संघाचं सामान, त्यात ग्लोव्हजचे बरे जोड दोनच. बाद होऊन आलं की घामाने ओले ग्लोव्हज काढून पुढच्या मुलीच्या हातात द्यायचे. राष्ट्रीय संघातल्या मुलीही अनारक्षित डब्यातून प्रवास करायच्या, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपायच्या, हे त्यांच्या मुलाखतींमधून आपण वाचतो. आम्ही विद्यापीठवाल्या तर त्याहून खाली. पण तक्रार करायचं सुचायचंसुद्धा नाही, कारण खेळायला मिळतंय हीच मोठी गोष्ट होती. आज माझी भाची अकॅडमीत जाते, तिच्या मापाचे पॅड दुकानात मिळतात, तेव्हा मला खरंच भरून येतं.

---

मैदानकाठ

पेठकरीण, मनापासून आभार. तो तिसरा चेंडू डोळ्यांसमोर उभा राहिला. तिच्या गोलंदाजीचं चित्रीकरण शोधत होतो, हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. त्यामुळे असं प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी लिहिलं तर तेच आपल्याकडचं दप्तर.

---

लेस्टरवासी

१९८६ च्या दौऱ्याचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. याच दौऱ्यात वूस्टरला संध्या अगरवालने १९० काढले होते. बेटी स्नोबॉलचा १९३५ पासूनचा १८९ चा विक्रम मोडला. इंदूरची मुलगी! त्या खेळीवर वेगळा धागा हवा.

आणि याच दौऱ्यात डायनाला लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये प्रवेश नाकारला गेला. पॅव्हिलियन पुरुष सदस्यांसाठी, बायकांना मज्जाव. पाहुण्या देशाची आंतरराष्ट्रीय खेळाडू असली तरी नाही. तेव्हा तिने सुनावलं होतं की एमसीसीने (म्हणजे लॉर्ड्स ज्यांचं मैदान, त्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने) आपलं नाव बदलून एमसीपी करावं. पुरुषी अहंकारी माणसाला इंग्रजीत जी शिवी देतात (मेल शॉव्हिनिस्ट पिग), तिची ती आद्याक्षरं. आपण पाहुणे, संघाकडे पैसा नाही, पुढचा दौरा कधी मिळेल याची शाश्वती नाही, अशा वेळी तोंडावर असं बोलायला छाती लागते. एमसीसीने बायकांना सदस्यत्व द्यायचं ठरवलं ते १९९८ मध्ये. बारा वर्षांनी.

मी इथे आल्यावर पहिल्यांदा लॉर्ड्सला गेले ते २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला. स्टेडियम भरलेलं होतं, आपण नऊ धावांनी हरलो. शेजारी एक वयस्कर इंग्लिश बाई होत्या, त्यांनी हाताने धावफलक लिहायची वही आणली होती. शेवटच्या सात विकेट २८ धावांत गेल्या तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवून माझा हात धरला. त्या पॅव्हिलियनकडे बघताना मला डायनाचीच आठवण येत होती.

---

डावखुरा

१९७८ च्या विश्वचषकाबद्दल कुणी लिहील का? स्पर्धा आपल्याच देशात झाली ना?

---

आकडेमोड

हो, भारतातच. चारच संघ होते: ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड आणि आपण. भारतीय महिलांचा पहिला एकदिवसीय सामना १ जानेवारी १९७८ ला ईडन गार्डन्सवर इंग्लंडशी झाला. डायना कर्णधार, वय २१. आपण ६३ वर सर्वबाद, इंग्लंड नऊ गडी राखून जिंकलं. पुढचे दोन्ही सामनेही हरलो. स्पर्धा ऑस्ट्रेलियाने जिंकली.

या निकालांवरून तो संघ जोखू नये. आधी एकही एकदिवसीय सामना खेळलेला नसताना थेट विश्वचषकात उतरलेला तो संघ होता. समोरचे तिन्ही देश तेव्हा कितीतरी दशकं महिला क्रिकेट खेळत होते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची पहिली महिला कसोटी १९३४ ची आहे. आपली राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं होत होती.

---

पेठकरीण

त्या संघटनेचा उल्लेख झालाच आहे तर पुण्याचं श्रेय नोंदवते. विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया १९७३ मध्ये लखनौला नोंदली गेली, महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने. आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती पुण्यात. तीनच संघ होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा २५ वर्षांखालचा संघ आला तेव्हा पहिला सामनाही पुण्यातच.

मुंबईत आलू बामजी यांचा आल्बीज क्लब त्याआधीपासून होता. सुनील गावसकरची बहीण नूतन गावसकरही खेळायची आणि पुढे संघटनेच्या कामात होती. आणि आमच्या पुण्याची शुभांगी कुलकर्णी, लेगस्पिनर, १९ कसोट्यांत ६० बळी. डायना आणि शुभांगी, एका टोकाला डावखुरी फिरकी आणि दुसऱ्या टोकाला लेगस्पिन. दोघींचे मिळून १२३ कसोटी बळी! भारतीय महिला क्रिकेटला पुन्हा अशी जोडी लाभली नाही, असं मी म्हणेन.

---

लोकलप्रवासी

रेल्वेबद्दल कुणीच काही लिहिलं नाही अजून. माझ्या मते तिची मोठी कामगिरी मैदानावरची नाहीच, ती आहे रेल्वेतली.

माझे वडील पश्चिम रेल्वेत चर्चगेटला होते, त्यामुळे क्रीडा कोट्यातली माणसं लहानपणापासून घरी येताजाता पाहिली. कोटा काय असतो हे बाहेरच्यांना नीट कळत नाही म्हणून सांगतो. खेळाडूला कारकून किंवा तिकीट तपासनीस म्हणून घेतात. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर सरावाला जायची मुभा. स्पर्धेला गेलं की विशेष रजा मिळते, ती हक्काच्या रजेतून कापली जात नाही. प्रवासाला पास. पदक आणलं की बढती. पगार महिन्याच्या महिन्याला.

आता ज्या मुलीला १९७७ ते १९८४ एकही कसोटी मिळत नाही, मंडळाकडून मानधन नाही, उलट दौऱ्यासाठी स्वतःच पैसे उभे करायचे आहेत, तिच्यासाठी या नोकरीचा अर्थ काय होतो ते बघा. पंचविशीला घरचे म्हणतात लग्न कर, खेळ पुरे. नोकरी असेल तर ती म्हणू शकते, मी कमावतेय, आणि खेळ हा माझ्या कामाचाच भाग आहे. या एका वाक्यावर कित्येक मुलींचं क्रिकेट टिकलं.

डायना स्वतः पश्चिम रेल्वेत होती आणि रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात, संघ उभा करावा, स्पर्धा भरवाव्यात, यासाठी तिने जंग जंग पछाडलं. पुढे क्रीडा अधिकारी म्हणून ते काम हातातच आलं. मग देशांतर्गत क्रिकेटमध्ये रेल्वेने जवळजवळ दरवर्षी करंडक नेला. २०१७ च्या विश्वचषकाच्या पंधरा जणींपैकी दहा रेल्वेच्या होत्या! मिताली, हरमनप्रीत, एकता बिश्त, पूनम यादव, वेदा कृष्णमूर्ती, राजेश्वरी गायकवाड, आपल्या मुंबईची पूनम राऊत, नागपूरची मोना मेश्राम...

हरमनप्रीतची गोष्ट तर स्वतः डायनाने मुलाखतीत सांगितली आहे. पंजाबात तिला मनाजोगती नोकरी मिळेना. डायनाने पश्चिम रेल्वेत तिच्यासाठी प्रयत्न केले, आणि सचिन तेंडुलकर तेव्हा राज्यसभेचा खासदार होता, त्याच्याकडून रेल्वेमंत्र्यांना पत्र जाईल असं पाहिलं. हरमनप्रीत मुंबईला आली. २०२५ चा करंडक उचलणारी कर्णधार घडली त्यात या नोकरीचा वाटा आहे.

---

घाटकोपर_पूर्व

+१. एअर इंडियाचंही नाव घ्यायला हवं. झुलन, अंजुम तिथल्या. पण रेल्वेइतकी संख्या कुणाचीच नाही.

---

नागपूरकर

लोकलप्रवासी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. तरीही एक वेगळी बाजू मांडतो.

रेल्वेने सगळ्या चांगल्या मुली उचलल्या म्हणून राज्यांचे संघ दुबळे राहिले, ही तक्रार आम्ही विदर्भवाले वर्षानुवर्षं करत आलोय. आमची मोना तयार झाली की रेल्वेकडून खेळणार, मग विदर्भाच्या संघात मागच्या मुलींना शिकवायला कोण? अंतिम सामना एकतर्फी, चुरस नाही, लोक बघायला येत नाहीत. एका खात्याच्या मेहरबानीवर उभा असलेला खेळ फार वाढू शकत नाही.

---

लोकलप्रवासी

नागपूरकर, तुमची तक्रार रास्त आहे, पण दोष रेल्वेला देता येणार नाही. राज्य संघटनांनी त्या मुलींना काय दिलं असतं? २००६ पर्यंत महिला क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतंच. राज्य संघटनांचा पुरुषांचा पैसा महिलांसाठी खर्च व्हायचं कारणच नव्हतं. त्या तीस-पस्तीस वर्षांत मुली खेळत राहिल्या त्या नोकरीमुळे. नोकरी नसती तर विदर्भाला मोना मिळाली असती असं नाही, मोनाने क्रिकेट सोडलं असतं.

---

पेठकरीण

२००६ च्या विलीनीकरणाच्या वेळी महिला संघटनेच्या सचिव शुभांगी कुलकर्णीच होत्या, ही भर.

---

नागपूरकर

मान्य. पर्याय नव्हता. पण १९९३ ला डायना थांबल्यावरही वीस वर्षं तोच एक आधार राहिला याचं दुःख आहे, एवढंच.

---

फाइनलेग

सगळं गोडगोड चाललंय म्हणून अवघड विषय काढतो. २०१८.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बीसीसीआयवर प्रशासकीय समिती नेमली, विनोद राय, रामचंद्र गुहा, विक्रम लिमये आणि डायना एडल्जी. गुहा आणि लिमये त्याच वर्षी बाहेर पडले, मग राय आणि एडल्जी दोघांनीच कारभार पाहिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये रवी थोडगे तिसरे सदस्य म्हणून आले, आणि समिती ऑक्टोबर २०१९ पर्यंत चालली. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मितालीला बाहेर बसवलं आणि आपण इंग्लंडकडून आठ गड्यांनी हरलो. मितालीने बोर्डाला पत्र लिहिलं, त्यात प्रशिक्षक रमेश पोवार आणि एडल्जी या दोघांवर उघड नाराजी होती. एडल्जींची भूमिका अशी की अकरा कोण खेळणार हा संघ व्यवस्थापनाचा निर्णय, समितीने त्यात पडायचं नाही.

आयुष्यभर महिला खेळाडूंसाठी भांडलेली व्यक्ती देशाच्या सर्वांत मोठ्या महिला फलंदाजाला एकटं वाटू देते, हे मला आजही खटकतं.

---

मैदानकाठ

फाइनलेग, विषय काढलात ते बरं केलंत. मितालीचं दुखावणं खरं होतं, त्याबद्दल दुमत नाही. उपांत्य सामन्याला तिला वगळणं हा क्रिकेटचा निर्णय म्हणूनही मला पटला नव्हता.

पण त्या प्रकरणाचा पुढचा भागही सांगायला हवा. पोवारची मुदत संपली. हरमनप्रीत आणि स्मृती मानधना दोघींनी लेखी कळवलं की आम्हाला तोच प्रशिक्षक हवा. रायनी कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांची समिती नेमून नव्याने निवड केली, डब्ल्यू. व्ही. रामन आले. एडल्जींनी त्यावर जाहीर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं होतं, पुरुष संघाचा कर्णधार कोहलीला प्रशिक्षक म्हणून कुंबळे नको होता तेव्हा कर्णधाराचं ऐकलं गेलं. मग महिला कर्णधाराचं मत त्याच वजनाने का धरलं जात नाही?

या प्रश्नाला त्या वेळी कुणी सरळ उत्तर दिलं नाही. बाई वादात सापडली तर तिच्यावर लेख आले, तिच्या मुद्द्यावर आले नाहीत. मिताली आणि एडल्जी यांच्यात एकीला बरोबर ठरवायचं तर दुसरी चुकीचीच असली पाहिजे, असं मला वाटत नाही.

---

लेस्टरवासी

याच्याशी सहमत. आणखी एक. मे २०१८ मध्ये वानखेडेवर आयपीएलच्या सामन्याआधी महिलांचा एकच प्रदर्शनी सामना ठेवला होता, सुपरनोव्हाज विरुद्ध ट्रेलब्लेझर्स. दुपारच्या उन्हात, प्रेक्षक तुरळक. मी सुट्टीला आले होते म्हणून आईला घेऊन गेले. लोक म्हणत होते कशाला हा देखावा. पण समितीने तो पायंडा पाडला म्हणून पुढच्या वर्षी तीन संघ आले, आणि मार्च २०२३ मध्ये डब्ल्यूपीएल, म्हणजे महिला प्रीमियर लीग, सुरू झाली. पाच संघ ४६७० कोटींना विकले गेले. त्या रिकाम्या खुर्च्या मी पाहिल्यात म्हणून मला त्या एका सामन्याची किंमत कळते.

---

डावखुरा

मी स्वतः क्लब क्रिकेट खेळतो, डावखुरी फिरकीच टाकतो, म्हणून या परंपरेबद्दल लिहितो. पुरुषांत मांकड, बेदी, दोशी, मणिंदर, जडेजा अशी नावं आपण घडाघडा घेतो. महिलांत ही रांग डायनापासून सुरू होते आणि कुठेही तुटत नाही. तिच्यानंतर नीतू डेव्हिड. १९९५ मध्ये जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध ५३ धावांत ८ बळी, महिला कसोटीतला एका डावातला जागतिक विक्रम. आणि तो सामना आपण फक्त दोन धावांनी हरलो! नीतूही रेल्वेचीच, आणि २०२४ मध्ये तीही हॉल ऑफ फेममध्ये गेली. मग एकता बिश्त, राजेश्वरी गायकवाड, कांदिवलीची राधा यादव. २०२५ च्या विश्वचषकात श्री चरणीने १४ बळी घेतले, तीही डावखुरी.

नीतूला कसोट्या किती मिळाल्या? दहा. डायनाला निदान वीस तरी मिळाल्या. २००६ नंतर तर भारतीय महिला थेट २०१४ मध्ये कसोटी खेळल्या, इंग्लंडमध्ये वर्म्सलीला, मग त्याच वर्षी म्हैसूरला, आणि त्यानंतर थेट २०२१ मध्ये ब्रिस्टलला. म्हणजे पहिल्या पोस्टमधली सात वर्षांची पोकळी जुन्या काळाबरोबर गेली नाही, बीसीसीआय आल्यावरही ती दोनदा पडली.

---

आकडेमोड

डावखुरा, हा मुद्दा फार महत्त्वाचा. झुलनसारखी वेगवान गोलंदाज वीस वर्षं खेळली आणि तिच्या १२ कसोट्या. त्यामुळे डायनाचे ६३ हे भारतीय महिलांमध्ये अजून कुणाला गाठता आलेले नाहीत. गाठता येतील असं वेळापत्रकच नाही.

---

घाटकोपर_पूर्व

एक प्रश्न. या जुन्या खेळाडूंना पेन्शन वगैरे मिळतं का? आत्ताच्या मुलींना पुरुषांइतकी मॅच फी मिळते हे माहीत आहे.

---

आकडेमोड

समान मॅच फी ऑक्टोबर २०२२ पासून. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. पेन्शनही आहे. जून २०२२ मध्ये माजी आंतरराष्ट्रीय महिला खेळाडूंचं मासिक पेन्शन ३०,००० वरून ५२,५०० केलं.

पण मॅच फी समान असून सामने समान नसतील तर हिशेब कुठे जातो ते बघा. एका कसोटीला १५ लाख असले तरी वर्षात एक किंवा दोनच कसोट्या असतील, तर पुरुषांच्या आठ-दहा कसोट्यांशी ती बरोबरी कशी व्हायची? वार्षिक करारांमधलं अंतर तर वेगळंच आहे.

---

फाइनलेग

१९९३ बद्दल कुणीच बोललं नाही. इंग्लंडमधल्या त्या विश्वचषकात डायना ३७ वर्षांची होती आणि कर्णधार. सात सामन्यांत चार विजय, संघ चौथा. यजमान इंग्लंडविरुद्धचा सामना आपण फक्त तीन धावांनी हरलो, आणि तोच इंग्लंड पुढे विश्वविजेता झाला. १९७८ ला ६३ वर सर्वबाद झालेला देश पंधरा वर्षांत इथवर आला होता, तोही मधल्या काळात जेमतेम क्रिकेट मिळालं असताना. मी वर टीका केली ती कायम आहे, पण हा विश्वचषक तिच्या कारकिर्दीत सर्वांत कमी दखल घेतलेला आहे असं मला वाटतं.

---

मैदानकाठ

फाइनलेग, अगदी बरोबर.

नागपूरकर, तुमचा राज्य संघांचा मुद्दा स्वतंत्र चर्चेचा आहे, तुम्हीच धागा काढा, विदर्भाची बाजू आतून माहीत असलेला माणूस हवा.

पुढचा धागा शुभांगी कुलकर्णींवर काढायचा विचार आहे. पेठकरीण, तुमची मदत लागेल. १९७३ च्या पुण्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेची वर्तमानपत्रांची कात्रणं किंवा धावफलकाच्या वह्या कुणाच्या घरी असतील तर कृपया फोटो काढून इथे चढवा. त्या स्पर्धेत खेळलेल्या कुणी ओळखीच्या असतील तर त्यांच्याकडून चार ओळी लिहवून घेता आल्या तर फारच उत्तम.

---

पेठकरीण

नक्की. सदाशिव पेठेत एक बाई राहतात, त्या काळी महाराष्ट्राकडून खेळायच्या. रविवारी त्यांच्याकडे जाऊन येते. धावफलकाची वही जपली आहे असं त्या मागे म्हणाल्या होत्या.